मागच्या चाकावरचं काळं रबर: बंप स्टॉप बदलण्याआधी एवढं समजून घ्या

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, पुढच्या चाकांना विटा लावा आणि मागच्या चाकापाशी उकिडवे बसा. टॉर्च मारलात की चाकाच्या आतल्या बाजूला, चासीच्या पोटाला लावलेलं एक काळं रबर दिसेल. मुठीएवढं, कधी शंकूसारखं निमुळतं, कधी पायऱ्यापायऱ्यांचं. त्याच्या बरोबर खाली मागच्या ॲक्सलचं हाउसिंग, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचं लोखंडी आवरण असतं आणि गाडी रिकामी असेल तर दोघांमध्ये चार-पाच बोटांची फट असते. हा बंप स्टॉप. गॅरेजमध्ये कुणी बंप रबर म्हणतं, कुणी नुसतं स्टॉपर.

आता त्या रबराचं खालचं टोक नीट बघा. बाकी सगळीकडे धूळ आणि तिथेच पुसल्यासारखं चकचकीत, कडेने भेगा, एखादा तुकडा उडालेला, आणि खाली हाउसिंगवर रंग गेलेली खूण असं दिसलं, तर तुमची गाडी अधूनमधून नाही, रोज आपटते आहे.

माझा आतेभाऊ सासवडला असतो. सीताफळाच्या हंगामात त्याची पिकअप पहाटे दिवे घाट उतरून पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येते. एकदा म्हणाला, "दादा, हडपसरपासून प्रत्येक स्पीडब्रेकरला मागून धाडकन आवाज येतो. क्रेट जागचे उडतात." खाली वाकून पाहिलं तर एका बाजूचं रबर फाटून अर्धं गेलेलं. त्याने एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथे जुनं काढून कुठल्यातरी मोठ्या ट्रकचं उंच, दगडासारखं कडक रबर बसवून दिलं आणि सांगितलं, "आता गाडी बसणार नाही." गाडी खरंच बसेना. पण आवाज वाढला, खालच्या क्रेटमधली सीताफळं फुटायला लागली आणि चार महिन्यांनी ज्या ब्रॅकेटवर ते रबर होतं, त्याच्या वेल्डिंगला केसाएवढी भेग दिसली.

ही चूक त्या एका गॅरेजची नाही, सगळीकडे होते. 'स्टॉप' या शब्दामुळे आपण त्याला अडसर समजतो, आणि अडसर जितका मजबूत तितका चांगला असं वाटतं. बंप स्टॉप ही खरं तर गाडीची शेवटची स्प्रिंग आहे. लीफ स्प्रिंगच्या पाट्यांनी किंवा कॉईल स्प्रिंगने जेवढं झेलायचं तेवढं झेलून झालं की उरलेला धक्का तिच्याकडे येतो. तो किती हळुवारपणे घेतला जातो, यावर चासी, शॉकअप, पाटे आणि पाठीमागचा माल या सगळ्यांचं आयुष्य ठरतं.

मार्केट यार्डात पोती उतरताना बघा. 50 किलोचं पोतं हमालाच्या पाठीवर येतं त्या क्षणी त्याचे गुडघे वाकतात, तो एक-दोन पावलं पुढे जातो आणि मग सरळ होतो. ती वाकण्याची जागा हेच त्याचं संरक्षण. गुडघे ताठ ठेवून तेच पोतं घेतलं तर कंबर जाईल. वजन तेवढंच, थांबवण्याचं अंतर मात्र कमी झालेलं.

हे आकड्यात मांडणं अगदी सोपं आहे. एखादं वजन 10 सेंटीमीटर खाली पडलं आणि तुम्ही ते 1 सेंटीमीटरमध्ये थांबवलं, तर थांबवताना लागणारा सरासरी जोर त्या वजनाच्या दहापट होतो. तेच 4 सेंटीमीटरमध्ये थांबवलं तर अडीचपट. मूळ वजन पेलायचं असतंच, ते वेगळं. भरलेल्या पिकअपच्या मागच्या एका बाजूवर 900 किलो धरा: एका बाबतीत चासीला तळातून 9 टनांचा हातोडा बसतो, दुसऱ्या बाबतीत सव्वादोन टनांचा. प्रत्यक्षात पाटे आणि शॉकअप यातला बराच भाग खातात, त्यामुळे आकडे असेच्या असे येत नाहीत. प्रमाण मात्र साधारण तेच राहतं.

10 सेंटीमीटर मी उगाच घेतले नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 99 या मानकात गोलाकार स्पीडब्रेकर 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितला आहे, ताशी 25 किलोमीटरने आरामात ओलांडता यावा म्हणून. आपल्या सोसायट्यांसमोर आणि गावाच्या वेशीवर जे असतात त्यांची उंची तेवढी किंवा जास्त, आणि रुंदी हातभर. मागचं चाक चढतं आणि लगेच खाली येतं. दिवसात असे साठ-सत्तर ओलांडणाऱ्या गाडीचं रबर फाटलं तर नवल नाही.

सगळ्या गाड्यांची रचना सारखी नसते. बोलेरो पिकअप, इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स, जुनी थार यांना मागे पाटे आहेत. त्यात रबर चासीला आणि खाली हाउसिंग किंवा यू-बोल्टची पट्टी. फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा, 2020 नंतरची थार यांना मागे कॉईल आहेत, पण ॲक्सल सलगच. मागचं सस्पेन्शन स्वतंत्र असलेल्या, म्हणजे मागची दोन्ही चाकं आपापली वर-खाली होणाऱ्या बऱ्याच गाड्यांत बंप स्टॉप शॉकअपच्या दांडीवरच ओवलेला असतो आणि धुळीच्या टोपणाखाली झाकला जातो. टोपण उचलल्यावर पिवळसर भुगा खाली पडला, तर तुमचा स्टॉप कधीच संपला आहे.

आता मटेरियल. खरा फरक इथे पडतो.

कंपनीचं साधं रबर भरीव असतं. भरीव रबराचा स्वभाव कणकेच्या गोळ्यासारखा: दाबलं की आडवं पसरतं, पण त्याचं आकारमान कमी होत नाही. पसरायला जागा उरली नाही की ते कडक होतं. साधारण निम्मी उंची दबेपर्यंत ठीक, त्यानंतर दगड. वर उन्हाने, हवेतल्या ओझोनने आणि गळणाऱ्या तेलाने ते वर्षागणिक चिरतं आणि कडक होतं. तरी त्याला नावं ठेवायची नाहीत. स्वस्त आहे, कुठेही मिळतं, आणि कंपनीने त्या गाडीचं वजन मोजून ते ठरवलेलं असतं. पुणेकर जिथे सकाळी फिरायला जातात त्या एआरएआय टेकडीवर 1966 सालची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही आख्खी संस्था गाड्यांच्या चाचण्यांसाठी उभी आहे. गाडीतला कुठलाच भाग अंदाजाने लागत नाही, हे रबरसुद्धा नाही. गाडी नियमात भरत असाल आणि फक्त रबर फाटलं असेल, तर तेच नवं बसवणं पुरेसं आहे.

भरीव पॉलियुरेथेन म्हणजे लाल किंवा काळे, नखाने न दबणारे स्टॉप. लवकर झिजत नाहीत, तेलाला दाद देत नाहीत, दिसायला देखणे. यांची विक्री टिकाऊपणावर होते आणि टिकतातही. पण बहुतेक साध्या रबरापेक्षा कडक असतात, म्हणजे थांबवण्याचं अंतर आणखी कमी. रोज मालाची ने-आण करणाऱ्याला मी हे सुचवणार नाही.

तिसरा प्रकार फोमचा: मायक्रोसेल्युलर युरेथेन. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीचं सेलास्टो हे त्यातलं जुनं, नावाजलेलं नाव. नावात फोम असला तरी गादीतला स्पंज डोळ्यांसमोर आणू नका. हातात घेतलं तर घट्ट लागतं, पण आत डोळ्यांना न दिसणारे हवेचे अगणित कप्पे असतात. लादीपाव मुठीत दाबून बघा, तो आडवा पसरत नाही, जागच्या जागी लहान होतो. हे फोम तसंच वागतं आणि सोडलं की पुन्हा मूळ उंचीवर येतं. साधारण सत्तर टक्के उंची दबेपर्यंत ते काम करत राहतं. सुरुवातीला मऊ, मग हळूहळू घट्ट, अगदी शेवटी कडक. बंप स्टॉपकडून हवं असतं ते हेच. दोष एकच, ओल आणि वय यांनी काही फोम आतून भुसभुशीत होतं. त्यामुळे दर पावसाळ्यानंतर एकदा बघायचं.

अमेरिकेत पिकअपच्या मागे ट्रेलर ओढणारी मंडळी याच तत्त्वावरचे मोठे स्टॉप वापरतात. टिम्ब्रेनचे पोकळ रबराचे, सुमोस्प्रिंग्जचे फोमचे. गाडी भरली की ते हाउसिंगला टेकतात आणि मदतनीस स्प्रिंगसारखे चालतात. वाळवंटातल्या शर्यतींत तेल आणि नायट्रोजन भरलेले हायड्रॉलिक स्टॉप लागतात. तो एक छोटा शॉकअपच असतो, त्याला चासीवर वेगळं वेल्डिंग लागतं आणि खर्च पिकअपवाल्याच्या आवाक्याबाहेरचा. आपल्या रस्त्यांसाठी त्याची गरज नाही.

आतेभावाच्या गाडीचीच मापं सांगतो, म्हणजे स्टॉप उंच पण मऊ का हवा, हे नीट कळेल. रिकाम्या गाडीत चासी ते हाउसिंग अंतर 15 सेंटीमीटर. मूळ रबर 6 सेंटीमीटरचं, म्हणजे फट 9 ची. माल भरला की चासी 5 सेंटीमीटर खाली येते आणि फट 4 उरते. त्या 4 मध्ये पाट्यांनी धक्का जिरवायचा, नाही जिरला तर रबराकडे, आणि रबराकडे द्यायला जेमतेम 3 सेंटीमीटर. त्याच्याऐवजी 9 सेंटीमीटर उंचीचं फोम लावलं तर भरलेल्या गाडीत फट फक्त 1 ची राहते. फोम लवकर टेकतं. पण टेकल्यावर ते 6 सेंटीमीटरहून जास्त दबत जातं. शेवटचं टोक दोन्हींचं जवळपास एकच, चासी आणि हाउसिंग यांत 3 सेंटीमीटरच्या आसपास. फरक मधल्या प्रवासात पडतो: तिथे आधी धाडकन आपटणं होतं, आता हमालाचे गुडघे आहेत. गॅरेजने लावलेलं कडक रबरही 9 सेंटीमीटरचंच होतं. तेही लवकर टेकायचं, पण टेकल्यावर जेमतेम सेंटीमीटरभर दबायचं. उंची बरोबर, स्वभाव चुकीचा.

मापं कशी घेतली? फिरती गाडी खाली किती जाते हे उभ्या गाडीवर दिसत नाही. आम्ही आत्याकडून घट्ट मळलेली कणीक मागून घेतली. तिचा जाडसर दांडा वळला, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला आणि स्टॉपच्या खाली नाही, शेजारी, हाउसिंगवर उभा बांधून टाकला, चासीला टेकेल एवढ्या उंचीचा. मग माल भरून नेहमीच्या रस्त्याने एक फेरी. आल्यावर दांडा जेवढा उरला तेवढं त्या फेरीतलं सर्वांत कमी अंतर. कडक रबर असताना दांडा 8 सेंटीमीटर उरला होता, म्हणजे सगळे धक्के फक्त 1 सेंटीमीटर रबरात जिरत होते. वेल्डिंगला भेग का पडली हे त्या कणकेनेच सांगितलं.

विकत घेण्याआधी शॉकअपचंही गणित करा, हे बहुतेक जण विसरतात. शॉकअप पूर्ण बंद होण्याआधी बंप स्टॉपने गाडी थांबवली पाहिजे. नाहीतर धक्का शॉकअपच्या आतल्या व्हॉल्व्हवर जातो, सील फुटतं किंवा वरचा माउंट उपटतो. रिकाम्या गाडीत शॉकअपच्या एका डोळ्यापासून (बोल्टच्या भोकापासून) दुसऱ्या डोळ्यापर्यंत लांबी मोजा आणि त्यातून पूर्ण बंद लांबी वजा करा. आमच्या गाडीत 46 वजा 31, म्हणजे 15 सेंटीमीटर शिल्लक. फोम पूर्ण दबेपर्यंत हाउसिंग 12 च्या थोडं वर सरकणार. पावणेतीन सेंटीमीटर उरतात, चालेल. एकच चाक खड्ड्यातून वर उसळलं की ॲक्सल तिरका होतो आणि चाकाच्या जवळचे भाग स्टॉपपेक्षा जास्त सरकतात. म्हणून दीड-दोन सेंटीमीटरची शिल्लक हवीच. याच कारणाने स्टॉप कापून 'जास्त ट्रॅव्हल', म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला जास्त जागा मिळवण्याच्या फंदात पडू नका.

गाडी उचलून मोठे टायर घालणाऱ्यांना हेच उलट्या बाजूने लागू पडतं. लांब शॉकअप घातला तर त्याची बंद लांबीही वाढते. म्हणून चासी आणि स्टॉप यांच्यामध्ये तेवढंच पॅकिंग देऊन तो खाली आणावा लागतो, नाहीतर टायर मडगार्डला घासतो आणि शॉकअप आधी आपटतो. पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर वजनाप्रमाणे बदलणारा व्हॉल्व्ह हाउसिंगला दांडीने जोडलेला असेल तर गाडी उचलल्यावर तोही पुन्हा सेट करून घ्यायचा.

नव्या स्टॉपकडून काय अपेक्षा ठेवायची नाही, तेही स्पष्ट सांगतो. त्याने गाडीची भार वाहण्याची क्षमता वाढत नाही. आरसीवर जे एकूण वजन लिहिलं आहे ते टायर, ब्रेक, ॲक्सल, चासी सगळं मिळून ठरलेलं असतं. गाडी मागून बसलेली दिसत नाही म्हणून आणखी दहा क्रेट चढवले, तर ब्रेक तेच राहतात आणि दिवे घाटाचा उतारही तोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये जादा मालाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा मला उतारावरचे तापलेले ब्रेक जास्त भीतीदायक वाटतात.

पाटे बसले असतील तर आधी त्यांना पुन्हा कमान देऊन घ्या किंवा तुटलेला पाटा बदला. शॉकअप गळत असेल तर आधी तो. बसलेल्या पाट्यांखाली फोम लावलं तर ते चोवीस तास दाबलेलं राहतं, आणि जे ब्रॅकेट अधूनमधून बसणाऱ्या धक्क्यासाठी बनवलं आहे त्यावर कायमचं वजन येतं. दुसरीकडे, जादा पाटा टाकणं हा आपला नेहमीचा उपाय आहे. त्याने भरलेली गाडी सावरते, पण परतताना रिकामी गाडी खडखडत उड्या मारते. सकाळी भरून जाऊन दुपारी रिकामं येणाऱ्याला फोम त्यासाठीच बरं: रिकाम्या गाडीत ते हाउसिंगला टेकतच नाही.

घाटातली एक गोष्ट जिवाशी येणारी आहे. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, मागचा बाहेरचा स्टॉप टेकतो. स्टॉप कडक असेल तर मागची बाजू एका क्षणात ताठ होते, सगळा भार बाहेरच्या मागच्या टायरवर जातो आणि त्याची पकड त्या प्रमाणात वाढत नाही. पावसात, ताम्हिणीसारख्या ओल्या वळणावर, गाडीची शेपटी सटकते. आतेभावाला कडक रबर असताना बोपदेव घाटात दोनदा मागून झटका जाणवला होता. त्याला वाटलं टायर गुळगुळीत झालेत. टायर नवे होते.

बसवणं अवघड नाही, एक सकाळ पुरते. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जायचं नाही. चासीखाली दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) लावा आणि ॲक्सल खाली लोंबू द्या म्हणजे हात जायला जागा होते. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. जोर लावून तोडलात तर चासीत अडकलेला तुकडा काढण्यात दिवस जाईल. ब्रॅकेट तारेच्या ब्रशने साफ करा आणि वेल्डिंगच्या कडा बोटाने चाचपा, भेग डोळ्याआधी बोटाला लागते. भेग असेल तर आधी चासीचं काम जाणणाऱ्या वेल्डरकडे, आणि आर्क वेल्डिंगआधी बॅटरी सोडायची. दोन्ही बाजूंचे स्टॉप एकदमच बदला, एक नवा एक जुना ठेवला तर गाडी एका अंगाने वेगळी वागते. हाउसिंगवरची टेकण्याची जागा सपाट हवी. तिथे धारदार कड असेल तर फोम महिन्यातच कापलं जातं. ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल आणि सायलेन्सरचा पाइप नव्या उंच स्टॉपला लागत नाहीत ना, ते ॲक्सल वर-खाली करून बघा. तीनेकशे किलोमीटर चालल्यावर बोल्ट परत एकदा आवळा.

आमचं ब्रॅकेट वेल्डरने नीट केलं, त्यावर रंग मारला आणि एका रविवारी फोम बसवलं. सोमवारी पहाटे भाऊ नेहमीएवढाच माल भरून निघाला, शेजारी कणकेचा नवा दांडा बांधून. दुपारी अंगणात गाडी लावल्यावर त्याने पिशवी सोडली आणि मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी लावली. साडेचार सेंटीमीटर. म्हणजे फोम बरोबर निम्मं दबलं होतं, आणि त्याच्याकडे दबायला अजून पावणेदोन सेंटीमीटर शिल्लक होते. आत्या तोवर ट्रॉलीतले रिकामे क्रेट उतरवून एकेक उलटा करून बघत होती. एकाच्याही तळाला फुटलेल्या सीताफळाचा गर नव्हता.